परवडेल अशी एक रायफल

ग्रीन कार्ड हातात आलं की माणसं काय काय करतात, याची डॅलसच्या आमच्या मराठी मंडळींत एक ठरलेली यादी आहे. कोणी त्याच आठवड्यात मॅनेजरला चार शब्द सुनावतो, कोणी नोकरीवर पाणी सोडून वडापावचं दुकान टाकतो, कोणी इतकी वर्षं लांबून पाहिलेला अगडबंब पिकअप ट्रक दारात आणून उभा करतो आणि तो गॅरेजात मावत नाही म्हणून उन्हात धूत बसतो. भारतीयांच्या रांगेत उभं राहून ते कार्ड मिळेस्तोवर डोक्यावरचे केस आणि घरातली मुलं, दोन्ही पांगलेली असतात. त्यामुळे जी काय हौस उरली असेल ती घाईघाईने उरकावी लागते. मी रायफल घ्यायची ठरवली.

यामागे कायदा होता. एच-वन व्हिसावरच्या माणसाला इथे, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. कायम रहिवाशाला येते. म्हणजे जी वस्तू मला आजवर नकोच होती, ती आता ‘मिळू शकते’ या सदरात आली. आणि मिळू शकणारी वस्तू सोडून देण्याची आमच्या घराण्याची रीत नाही. विमानातली दाण्यांची पुडी पोट भरलेलं असलं तरी आम्ही खिशात घालतो.

दुसरं कारण स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल मी अपरात्री उठून पाहिली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा हा मुलगा गुडघ्यावर बसून, पालथा पडून आणि उभा राहून शांतपणे कांस्यपदक घेऊन गेला. मला वाटलं, यात धावावं लागत नाही. दम लागत नाही. माणूस निश्चल राहिला की पदक मिळतं, आणि निश्चल राहण्याचा माझा सराव ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्यांना ठाऊक आहे.

“तो कोल्हापूरचा आहे,” बायको म्हणाली. “तुम्ही कोल्हापूरला एकदा लग्नाला गेला होतात.”

मला सेमी-ऑटोमॅटिक हवी होती, आणि तीही आळसापोटी. बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून रिकामी पुंगळी काढायची आणि पुन्हा पुढे ढकलून नवं काडतूस चढवायचं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम रायफल स्वतः करते. पुण्याच्या मेव्हण्याला हे फोनवर सांगायला गेलो.

“एका दमात किती गोळ्या सुटतात, भावोजी?”

“एकच.”

“मग ऑटोमॅटिक काय त्यात?”

“पुढची गोळी आपोआप भरली जाते. चाप मात्र दर वेळी आपणच दाबायचा.”

“म्हणजे निम्मं काम तुम्हालाच.”

“हो.”

“आणि याचे तिकडे पैसे घेतात?”

काहीही विकत घ्यायचं झालं की मी आधी एक्सेल शीट उघडतो. भांडी घासायच्या मशीनची शीट अजून माझ्याकडे आहे. मशीन घेऊन, बिघडून, भंगारात जाऊन झालं. रायफलीच्या शीटमध्ये किंमत, वजन, मॅगझिन, वॉरंटी असे रकाने पाडले आणि सल्ल्यासाठी शेजाऱ्यांकडे गेलो. हे गृहस्थ निवृत्त आहेत आणि गॅरेजचं दार उघडं टाकून दिवसभर काहीतरी तेलात बुचकळत असतात. त्यांनी शीटकडे पाहिलंसुद्धा नाही. सोव्हिएत बनावटीची एसकेएस रायफल 1990 च्या दशकात शंभर-सव्वाशे डॉलरला मिळायची आणि तेव्हा दोन पेट्या घेऊन ठेवल्या असत्या तर आज काय झालं असतं, हे ते सांगत राहिले. कोथरूडला प्लॉट कवडीमोलाने मिळत होता तेव्हा घेतला नाही म्हणून माझे काका जो सूर लावतात, तोच सूर, तोच उसासा. तो संपल्यावर ते म्हणाले, “एआर-15 घे.”

एआर-15 पाचेकशे डॉलरपासून मिळते, म्हणून मी ती शीटमध्ये घातली. मग एक रकाना वाढवला : मायलेज. गाडी घेताना मराठी माणूस इंजिन, रंग, सुरक्षितता हे सगळं ऐकून घेतो आणि शेवटी ‘देते किती?’ एवढंच विचारतो. इथेही तोच प्रश्न उपयोगी पडला. एआरचं काडतूस त्या वेळच्या भावाने चाळीस-पन्नास सेंटला एक पडत होतं. एका दुपारी दोनशे गोळ्या उडवायच्या म्हटलं तर ऐंशी ते शंभर डॉलर नेमबाजीच्या रेंजवरच्या मातीच्या बांधात घालायचे. म्हणजे महिन्यातून चार दुपारी गेलो की रायफल स्वस्त आणि संसार महाग. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस मात्र आठ-दहा सेंटला. तेवढीच दुपार, वीस डॉलरच्या आत. शीटमधले अर्धे उमेदवार त्या एका रकान्याने गारद केले.

हे बावीसचं काडतूस 1887 सालचं. ‘केसरी’हून सहा वर्षांनी धाकटं, आणि अजून खप टिकवून आहे. साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर जाडीची, अडीच ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी. रायफल खांद्याला लावून झाडली तर धक्का जवळजवळ नाही. पण डबीवर छापलेलं असतं की दीड मैलापर्यंत धोका. ते वाचून मी डबी दोन्ही हातांनी धरली. आणि आनंदाची गोष्ट अशी की कुसाळे ज्या 50 मीटरच्या स्पर्धेत खेळतो, त्या स्पर्धेतही हेच काडतूस चालतं. पुढचे कित्येक दिवस मी भेटेल त्याला ‘आमची दोघांची गोळी एकच’ असं सांगत होतो.

आता बावीसमध्ये कुठली? मार्लिन मॉडेल 60 ही 1960 पासूनची गरिबाची रायफल. नळीखाली दुसरी बारीक नळी, तीत काडतुसं एकेक करून सोडायची. पण मार्लिन रेमिंग्टनने घेतली होती, 2020 मध्ये रेमिंग्टनचंच दिवाळं निघालं, आणि मार्लिनचं नाव रूगरकडे गेलं. मॉडेल 60 आता जुन्या बाजारात शोधावी लागते. सॅव्हेज 64 स्वस्त, दहा गोळ्यांचं सुटं मॅगझिन. आणि तिसरी रूगर 10/22 : 1964 पासून बाजारात, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, तीनशे डॉलरच्या आसपास. लाखांनी खपलेली. जी वस्तू शेजारच्या दहा घरांत आहे तीच घ्यावी, म्हणजे बिघडली तर विचारायला दहा माणसं असतात, हा आमच्या आईचा प्रेशर कुकरबाबतचा सिद्धांत. मी 10/22 वर पिवळा रंग फिरवून शीट बंद केली.

दुकानातला विक्रेता उमदा होता. मी विचारलं, “गोळ्यांच्या बाबतीत हिचे नखरे आहेत का?” कारण बावीसच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली एखाद्या कंपनीच्या गोळ्या नाकारतात आणि मधेच अडकून बसतात, हे मी वाचलं होतं. तो म्हणाला, “सर, ही काहीही खाते.” मग मी किंमत थोडी कमी होते का विचारलं. त्याने मला एक टोपी फुकट दिली.

त्यानंतर फॉर्म 4473. दुकानदाराच्या समोर बसून भरायचा केंद्र सरकारचा फॉर्म. बंदूक स्वतःसाठीच घेताय का? तुम्ही फरार आहात का? असे प्रश्न, आणि प्रत्येकाला मी इतक्या जोरात ‘नाही’ लिहिलं की पहिल्या प्रश्नालाही तेच लिहून बसलो. तो खोडून नवा फॉर्म घ्यावा लागला. अमेरिकेचं नागरिकत्व तुम्ही कधी सोडलंत का, असाही एक प्रश्न आहे. अहो, ते मिळू तर द्या! मग विक्रेत्याने माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव ही त्रिस्थळी यात्रा कीबोर्डवर पार पाडली आणि माहिती एफबीआयच्या तपासणीला पाठवली. तिथून तीनपैकी एक उत्तर येतं : द्या, थांबा किंवा देऊ नका. माझ्या मागे रांगेत असलेल्या टोपीवाल्या आजीबाईंना ‘द्या’ आलं. मला ‘थांबा’.

‘थांबा’ म्हणजे कामाचे तीन दिवस. त्यात शनिवार-रविवार आला. घरी मी खिन्न चेहऱ्याने बसलो असता बायको म्हणाली, “एफबीआयला तुमच्याबद्दल विचार करावासा वाटला, हेच पुष्कळ आहे.”

रायफल घरी आली आणि ‘परवडणारी’ या विशेषणाची रया जायला लागली. बॉक्समध्ये एक कुलूप येतं, पण बाकी सगळं आपलं आपण. कानावर लावायचे मफ, कारण बावीसचा आवाज किरकोळ वाटला तरी कानाचं नुकसान करायला पुरतो. डोळ्यांना संरक्षक चष्मा. साफसफाईचा संच : सळई, ब्रश, कापडाचे चौकोनी तुकडे, तेलाची बाटली. न्यायला-आणायला पिशवी. रेंजची फी. आणि तिजोरी. रायफल उघड्यावर ठेवायची नाही यावर आमचं दोघांचं एकमत होतं, पण तिजोरी रायफलीपेक्षा महाग निघाली. ती घरात आल्यावर बायकोने आत डोकावून पाहिलं. एक सडपातळ रायफल आणि वर रिकामा कप्पा. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यात तिच्या पाटल्या, बिलवर आणि आमच्या लग्नातला चपलाहार येऊन बसला. तिसऱ्या दिवशी तिने तिजोरीचा आकडा बदलला. सोनं आहे म्हटल्यावर आकडा चारचौघांना ठाऊक असू नये, असं तिचं म्हणणं. घरात आम्ही दोघंच आहोत. चारचौघं म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

रेंजवरचे अधिकारी सत्तरीचे. नारिंगी बंडी, गळ्यात शिट्टी. त्यांनी पहिल्याच भेटीत नियम पाठ करून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजायचं. नळी कायम मातीच्या बांधाकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं. ‘कोल्ड’ असा पुकारा झाला की मॅगझिन काढून, बोल्ट उघडा ठेवून, त्यात प्लास्टिकचा भडक झेंडा खोचून सगळ्यांनी पिवळ्या रेषेच्या मागे यायचं आणि बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. मग कागद बदलायला जायचं. ‘हॉट’ म्हटलं की पुन्हा सुरू. इतकी शिस्त मी शाळेच्या एनसीसीतही पाहिली नव्हती. तिथे आमचं लक्ष परेडनंतरच्या नाश्त्याकडे असे.

मी बसलो, नेम धरला आणि माझ्या चष्म्याने दगा दिला. 10/22 च्या नळीच्या टोकाला एक सोनेरी मणी असतो. मागच्या खाचेतून तो मणी पाहायचा आणि मण्यावर कागदातलं काळं वर्तुळ बसवायचं. तिशीतल्या डोळ्यांना हे जमतं. माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्याच्या खालच्या भागातून मणी दिसे तेव्हा कागद गायब, वरच्या भागातून कागद दिसे तेव्हा मणी गायब. मान अशी खालीवर होत राहिली की शेजारच्यांना वाटलं मी कुठल्याशा प्रस्तावाला पुन्हा पुन्हा होकार देतोय. अधिकारी आले. दोन्ही हात पुढे करून तळव्यांची खिडकी करायला लावली, तिच्यातून लांबचा खांब पाहायला सांगितला आणि एकेक डोळा मिटायला लावला. निष्कर्ष : मी उजव्या हाताचा, पण माझा मुख्य डोळा डावा. पन्नाशीनंतर ही माहिती मिळाली. त्यांनी माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, “दुर्बीण लावून घे.”

म्हणून दुर्बीण. म्हणजे आणखी साठ डॉलर. ती मीच बसवली, आणि ती किंचित कललेली आहे असं सगळ्यांचं मत पडलं. तिच्यावरच्या चाकाच्या एका टिचकीने शंभर यार्डांवर गोळी पाव इंच सरकते. मी बसलो होतो पंचवीस यार्डांवर, जिथे ती इंचाचा सोळावा भाग सरकते. हा त्रैराशिकाचा प्रश्न चौथीतला असूनही मला सुटला नाही. मी टिचक्या देत गेलो, गोळ्या झाडत गेलो, पण माझ्या कागदावर एकही भोक पडेना. ‘कोल्ड’चा पुकारा झाल्यावर कळलं की त्या अरुंद दुर्बिणीतून मी बराच वेळ शेजारच्या बाईंच्या कागदावर नेम धरत होतो. त्यांनी आपल्या कागदावरची भोकं मोजली. झाडलेल्या गोळ्यांपेक्षा भोकं जास्त. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “या डावीकडच्या तुमच्या असणार. तशा एका ठिकाणी आहेत हं.” माझ्या नेमबाजीचं इतकं मनापासून कौतुक त्यानंतर कोणी केलेलं नाही.

डावीकडच्या माणसाच्या रायफलीतून निघणाऱ्या पुंगळ्या उजवीकडे उडतात, आणि त्याच्या उजवीकडे मी. त्यातली एक, ताजी, तापलेली, माझ्या कॉलरमधून आत उतरली. अशा वेळी माणूस उडी मारतो आणि हातातलं शस्त्र वाटेल तिकडे फिरवतो, म्हणून आधी रायफल खाली ठेवायची आणि मग काय करायचं ते करायचं, हे अधिकाऱ्यांनी बजावलं होतं. मी ते तंतोतंत पाळलं. बोट चापाबाहेर, सेफ्टी चालू, नळी बांधाकडे, रायफल अलगद टेबलावर. त्यानंतर मी जे केलं त्याला टाळ्या पडल्या. लेझीम मी शाळेत शिकलो होतो. ते विसरलेलो नाही हे कळलं.

कुसाळेच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि तो ते 50 मीटरवरून, दर गोळीला हाताने बोल्ट चालवून, तीन पोझिशनमध्ये भेदतो. मी चौथी पोझिशन काढली आहे : खुर्चीत बसून, रायफल वाळूच्या पिशवीवर, कोपर टेबलावर. त्याच्या निम्म्या अंतरावरून माझ्या गोळ्या सध्या एका बशीत मावतात. बशी मोठी आहे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे पाटावर दरवर्षी लॅपटॉप, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मिक्सरचं भांडं आणि गाडीची किल्ली असते. यंदा, इतक्या पिढ्यांनंतर, घरात खरं शस्त्र होतं. बायकोने तिजोरी उघडून दिली. मी मॅगझिन बाजूला काढलं, आत काडतूस नाही याची खात्री केली, बोल्ट उघडा ठेवून नियमाप्रमाणे झेंडा खोचला आणि रायफल पाटावर आडवी ठेवली. हळद, कुंकू, झेंडू. मेव्हण्याला व्हिडिओ कॉलवर दर्शन. आणि भक्तीच्या भरात, वरून, दोन्ही हातांनी अक्षता.

पुढच्या खेपेला रेंजवर बोल्ट अर्ध्यात अडकला. मॅगझिन काढून पाहिलं, झटकून पाहिलं, ढिम्म. हात वर केला. अधिकारी आले. आधी नळी बांधाकडे, मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे ओढून त्यांनी आत टॉर्च मारला. बराच वेळ पाहत राहिले.

“हे रक्त आहे?”

“कुंकू. पूजेची लाल पावडर.”

खिशातून चिमटा काढून त्यांनी एक दाणा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. मग दुसरा.

“आणि हे?”

“तांदूळ.”

शिट्टी त्यांच्या ओठांपर्यंत गेली आणि न वाजताच खाली आली. आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांची आणि शस्त्रांची पूजा करतात, बोल्ट उघडा होता तो सुरक्षिततेसाठीच, हे मी शक्य तेवढं समजावून सांगितलं. ते ऐकत होते.

“पूजेच्या आधी साफ केली होतीस?”

मी गप्प. बावीसची गोळी स्वस्त असते तशी घाणही फार करते. मेण आणि काजळी बोल्टवर साचत जाते. साफसफाईचा संच मी पाटावर ठेवून त्यालाही कुंकू लावलं होतं. उघडला मात्र नव्हता.

“इथे येणाऱ्यांतले निम्मे लोक वर्षभर रायफल पुसतसुद्धा नाहीत,” ते म्हणाले. “तू निदान तिला जेवायला तरी वाढतोस.” मग पुढच्या टेबलावरच्या एका नवख्या मुलाने 10/22 कशी आहे म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “उत्तम. काहीही खाते. भात सोडून.”

त्या दिवसापासून मी त्या रेंजवर या विषयातला जाणकार मानला जातो. परवा ऑफिसातल्या एका मराठी मुलाचा फोन आला. पहिली रायफल घ्यायची आहे, कागदावर नेम मारण्यापुरती, स्वस्तातली. काय घेऊ? मी घसा खाकरला. आधी व्हिसा कुठला ते बघ. घेण्याआधी रेंजवर भाड्याची चालवून बघ, तुझा मुख्य डोळा कुठला ते तिथेच कळेल. बावीसच घे. नवी नको असेल तर जुनी मार्लिन बघ, पण जाणकाराला दाखवून. जेवढे पैसे रायफलीला ठेवलेस तेवढेच गोळ्या, कान, डोळे, साफसफाई आणि तिजोरीला बाजूला काढ. गोळ्या आधी थोड्याच आण, तुझ्या रायफलीला कुठल्या मानवतात ते पाहून मग डबे भर. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस, गोळीत शिसं असतं.

त्याने सगळं नीट लिहून घेतलं. बेरीज करत असावा, कारण थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज येत होता.

“दादा,” तो म्हणाला, “तुमची विकायची आहे का?”

“तिजोरीचा आकडा तुझ्या वहिनींकडे आहे,” मी म्हणालो. “त्यांना विचारून सांगतो.”